दृश्यमाध्यमांतील हिंसा आणि प्रत्यक्ष वर्तन

चित्रपट, दूरचित्रवाणी व व्हिडिओ गेम यांतील मारहाण, खून, गोळीबार अशा दृश्यांमुळे पाहणाऱ्याच्या किंवा खेळणाऱ्याच्या प्रत्यक्ष वागण्यात फरक पडतो का, हा मानसशास्त्र, गुन्हेशास्त्र व कायदा या तिन्ही क्षेत्रांतील जुना वादविषय आहे. या वादात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. आक्रमकता म्हणजे चिडणे, शिवीगाळ, ढकलाढकली, दुसऱ्याला त्रास देण्याची तयारी; हिंसा म्हणजे दुसऱ्याला गंभीर इजा करणे. पहिलीबाबत थोडाफार पुरावा मिळतो, दुसरीबाबत तो फारसा उभा राहत नाही. ग्रामीण विदर्भात पालकसभेत किंवा पारावर हा विषय निघाला की काळजी दुसरीची व्यक्त होते आणि दाखले मात्र पहिलीचे दिले जातात.

अभ्यासाची सुरुवात बहुधा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्यापासून सांगितली जाते. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील बालवाडीच्या ७२ मुलांवर त्यांनी प्रयोग केला. ढकलली की पुन्हा उभी राहणारी फुगवलेली बाहुली मोठे माणूस बडवत असताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांनी नंतर ती तशीच, ऐकलेले शब्द उच्चारत बडवली. १९६३ साली प्रत्यक्ष माणसाऐवजी चित्रफीत दाखवूनही असेच आढळले. मूल पाहून शिकते, हे यातून निर्विवाद दिसते. परंतु अशी बाहुली मुळात मार खाण्यासाठीच बनवलेली असते आणि तिला मारणे व धाकट्या भावाला मारणे यांतला फरक चार वर्षांच्या मुलालाही कळतो, हा आक्षेप तितकाच वजनदार आहे.

पुढे क्रेग अँडरसन व ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक अभ्यास एकत्र करून हिंसक खेळ व आक्रमकता यांचा संबंध मांडला, तर क्रिस्टोफर फर्ग्युसन यांनी त्यांच्या मोजमापांवरच बोट ठेवले. प्रयोगशाळेत कोणाला खरोखर मारू देता येत नाही, म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या कानात किती मोठा आवाज सोडला किंवा दुसऱ्याच्या खाण्यात किती तिखट घातले यावरून आक्रमकता मोजली जाते. (हे दुसरे माप नागपूरकडे लावले तर सावजी रस्सा वाढणारा प्रत्येक खानावळवाला संशयित ठरेल.) २०१८ साली २४ अभ्यासांतील १७,००० हून अधिक मुलामुलींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात हिंसक खेळ व पुढील काळातील शारीरिक आक्रमकता यांत संबंध दिसला, पण तो लहान होता. उलट २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांबाबत पालकांनाही विचारून पाहिले, तेव्हा संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०२० साली हिंसक खेळांविषयीचा आपला ठराव सुधारताना आक्रमकतेशी अल्प संबंध मान्य केला, मात्र गोळीबारासारख्या हिंसेचे खापर खेळांवर फोडण्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे बजावले. चित्रपटांबाबत गॉर्डन डाल व स्टेफानो डेलाविन्या यांचा २००९ चा निष्कर्ष तर उलटाच आहे: हिंसक चित्रपटाला गर्दी असलेल्या संध्याकाळी अमेरिकेत हिंसक गुन्हे घटले, कारण मारामारी करू शकणारे तरुण त्या वेळी दारूच्या अड्ड्याऐवजी चित्रपटगृहात बसलेले होते.

हा निष्कर्ष विदर्भात ऐकणाऱ्याला झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा धानाचा पट्टा, आठवल्याशिवाय राहत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत धान निघाल्यावर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. वडसा म्हणजेच देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र. या नाटकांत खलनायकाला भरपूर वाव असतो. सुरा निघतो, पांढऱ्या सदऱ्यावर लाल रंग उडतो, आजीच्या मांडीवर झोपलेले नातवंड किंकाळीने जागे होते, आणि पहाटे तेच प्रेक्षक सतरंजी काखेत मारून घरी जातात व कामाला लागतात. याचा अर्थ पाहिलेली हिंसा मनातला राग धुऊन काढते, असा नव्हे. राग मोकळा केल्याने तो कमी होतो ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. मात्र शेकडो माणसांत, ओळखीच्यांच्या शेजारी बसून पाहिलेल्या मारामारीला गावाचे कुंपण असते.

मोबाईलवरील खेळांना ते कुंपण नाही असे मानले जाते, पण खेड्यातले चित्र पुरते तसेही नाही. एसटीच्या निवाऱ्यात किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एका मोबाईलभोवती चार पोट्टे दाटीने बसलेले असतात. एक खेळतो, बाकीचे ‘मांगून आला, मांगून!’ म्हणून ओरडतात, नेट लटकले की सगळे मिळून कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. अनुकरण होते ते बहुधा केशरचना, चाल, संवाद व शिव्यांचे. पाश्चात्त्य अभ्यासांतला, स्वतःच्या खोलीत एकटा खेळणारा मुलगा आणि हा ओटा यांत अंतर आहे, हे त्या निष्कर्षांचा हवाला देताना लक्षात ठेवावे लागते.

हिंसेची कारणे शोधताना विदर्भातील बायकांनी बोट ठेवले ते दारूवर. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपूरमध्ये ती २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. घरात रोज मार पाहणारे मूल आणि पडद्यावर मार पाहणारे मूल यांची तुलना करताना, पहिल्याला पडदा बंद करण्याची सोय नसते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

कायद्याची भूमिका सावध राहिली आहे. चित्रपट मनावर इतर कलांपेक्षा खोल परिणाम करतो, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटकार के. ए. अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली चित्रपटांचे पूर्वपरीक्षण (सेन्सॉर) वैध ठरवले. चित्रपटविषयक कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखालील प्रमाणपत्रात ७, १३ व १६ वर्षे असे टप्पे आले. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी या मोबाईलवरील गोळीबाराच्या खेळावर आलेली बंदी हिंसेमुळे होती असे गावोगाव सांगितले जाते. सरकारने दिलेले कारण मात्र देशाची सुरक्षा व नागरिकांच्या माहितीचे संरक्षण हे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात खेळासंबंधीच्या विकाराची नोंद आहे, पण तिचा निकष आहे ताबा सुटणे, खेळातल्या बंदुका नव्हे. शेतकरी घरातील तक्रारही बरीचशी त्याच जातीची असते: रात्री जागलीला पाठवलेला मुलगा मचाणावर खेळत बसतो, मोबाईलसोबत त्याचा टॉर्चही विझतो आणि पहाटेपर्यंत रानडुकरे हरभऱ्यात शिरून गेलेली असतात.