२.१७ मोठा की २.९३? पिचरच्या कारकिर्दीचे आकडे आणि लीगची सरासरी

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. अशा दोन पिचरांपैकी वॉल्टर जॉन्सनची कारकिर्दीतील अर्न्ड रन सरासरी २.१७, तर पेड्रो मार्टिनेझची २.९३. या सरासरीत आकडा जितका कमी तितका पिचर चांगला, त्यामुळे वरवर पाहता निकाल लागल्यासारखा वाटतो. मात्र हे दोघे ज्या काळात खेळले त्या काळात इतर पिचर किती धावा देत होते, हे विचारल्याशिवाय हा निकाल खरा मानता येत नाही. अमेरिकी बेसबॉलमध्ये हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला जायला बराच काळ जावा लागला.

आकडेवारीचा पाया घालणारे हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडमधले आणि क्रिकेटचे वार्ताहर होते. बेसबॉलच्या धावफलकावर क्रिकेटची छाया दिसते ती त्यामुळेच. पिचरच्या सरासरीचा हिशोब मात्र आपल्या ओळखीच्या गोलंदाजीच्या सरासरीपेक्षा वेगळा आहे. तिथे धावांना बळींनी भागत नाहीत, तर क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून उरलेल्या धावा दर नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, किती पडतात ते काढतात. अमेरिकेतल्या दोन प्रमुख लीगपैकी नॅशनल लीगने १९१२ मध्ये ही सरासरी अधिकृतपणे नोंदवायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी अमेरिकन लीगनेही.

अडचण अशी की या आकड्यामागची जमीन सतत हलत राहिली. १९२० च्या आधी, म्हणजे जॉन्सनच्या बहुतांश कारकिर्दीत, चेंडू मळका आणि झिजलेला असे, त्यावर थुंकी लावायलाही मुभा होती, आणि धावा मुळातच कमी होत. १९३० मध्ये मात्र संपूर्ण नॅशनल लीगची फलंदाजीची सरासरी (फलंदाजीच्या संधींपैकी यशस्वी फटक्यांचे प्रमाण) .३०३ झाली आणि पिचरांची सरासरी ४.९७ वर गेली. त्याच हंगामात डॅझी व्हान्सने २.६१ राखली, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरच्या कार्ल हबेलची सरासरी ३.८७ होती. उलट १९६८ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम फलंदाज कार्ल यास्त्रझेम्स्की .३०१ वर ठरला, म्हणजे अडतीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या लीगमधल्या सर्वसाधारण फलंदाजाइतकाच.

त्याच १९६८ मध्ये बॉब गिब्सनने १.१२ ही सरासरी नोंदवली. तिचा दबदबा आजही आहे आणि तो रास्तही आहे, पण त्या वर्षी नॅशनल लीगची सरासरीच २.९९ होती. पिचर इतके वरचढ झाले होते की पुढच्या हंगामापासून त्यांच्या उभे राहण्याचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला आणि स्ट्राइकचा पट्टाही, म्हणजे चेंडू जिथून गेल्यास वैध ठरतो ती जागाही, आक्रसला. २००० मध्ये मार्टिनेझने १.७४ राखली ती मात्र ४.९१ सरासरीच्या अमेरिकन लीगमध्ये, तीही फलंदाजांना साथ देणाऱ्या बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर घरचे सामने खेळून. त्या हंगामात दुसऱ्या क्रमांकावरचा रॉजर क्लेमेन्स ३.७० वर होता.

लीगची सरासरी आणि मैदानाचा कल हिशोबात धरून १०० ला सर्वसाधारण पातळी मानणारा निर्देशांक पुढे संशोधक पीट पामर यांच्या कामातून रूढ झाला. त्यात आकडा जितका जास्त तितका पिचर चांगला; गिब्सनचे १९६८ हे वर्ष २५८ वर येते आणि मार्टिनेझचे २००० हे २९१ वर. संपूर्ण कारकिर्दीसाठी प्रत्येक हंगामाची तुलना त्या त्या वर्षीच्या लीगशी करावी लागते आणि टाकलेल्या डावांनुसार तिला वजन द्यावे लागते. या कसोटीवर जॉन्सन १४७ वर राहतो आणि मार्टिनेझ १५४ वर जातो.

तरीही माझ्या मते एवढ्यावरून मार्टिनेझला थोर ठरवणे घाईचे होईल. जॉन्सनने सुमारे ५,९१४ डाव टाकले, मार्टिनेझने २,८२७; आणि निर्देशांक दर सांगतो, भार सांगत नाही. मारियानो रिव्हेराचा आकडा तर २०५ आहे, पण तो बहुतेकदा शेवटच्या एका डावापुरता उतरत असे आणि त्याच्या एकोणीस हंगामांत मिळून १,२८४ हूनही कमी डाव भरतात.