ओल्या कचऱ्यापासून गॅस : अनुदानाचा अर्ज नेमका कुठे अडतो

घरचा ओला कचरा नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोच्या ढिगात जाण्यापेक्षा त्यावर आपलीच शेगडी पेटावी, या हेतूने बायोगॅस संयंत्रासाठी अर्ज करणारे अनेकजण पहिल्याच फेरीत परत पाठवले जातात, आणि त्यात संयंत्राचा दोष क्वचितच असतो.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात, ज्याच्या मार्गदर्शक सूचना 2022 मध्ये निघाल्या, दररोज 1 ते 25 घनमीटर क्षमतेच्या छोट्या संयंत्रांना अर्थसाहाय्य ठेवले गेले. आपल्याकडे 1 घनमीटरला 9,800 रुपये आणि 2 ते 4 घनमीटरला 14,350 रुपये असा दर ठरला. योजना प्रामुख्याने ग्रामीण व निमशहरी कुटुंबांसाठी असल्याने धरमपेठेतील फ्लॅटधारकाने पंचायत समितीत खेटे घालू नयेत. हिंगणा किंवा कामठी तालुक्यातील गावात घर असणाऱ्याने मात्र तेथील कृषी विभागात अवश्य जावे. अर्ज, आधार कार्ड, पासबुकाची प्रत आणि छायाचित्र हे एका बैठकीत होते.

खरी अडचण जागेच्या पुराव्याची. सातबारा मागितला जातो, पण गावठाणातील घराला सातबारा नसतोच. तेथे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उतारा लागतो आणि तो बहुतेक घरांत दिवंगत आजोबांच्या नावे असतो. वारस नोंद होईपर्यंत महिने जातात, तेव्हा अर्जाआधी उतारा काढून नाव पाहावे. ज्याच्या नावे उतारा त्याच्याच नावे अर्ज केल्यास निम्मा त्रास वाचतो.

दुसरा घोळ बँकेचा. केवायसीसाठी आधार दिले म्हणजे खाते ‘लिंक’ झाले, असा सर्वांचा समज असतो. थेट लाभाची रक्कम मात्र आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे सरकारी लाभ घेण्यासाठी आधार क्रमांकाशी वेगळे जोडलेल्या, खात्यात जाते, अर्जावर कोणतेही खाते लिहिलेले असो. एका काकूंचे अनुदान त्यांच्या विस्मरणात गेलेल्या जुन्या खात्यात जमा झाले होते आणि त्या चार महिने कार्यालयात चौकशी करत होत्या. त्यांना हे कोणीच का सांगितले नाही, हा प्रश्न मला अजून सतावतो.

मुदतीचेही तसेच. लक्ष्यांक, म्हणजे किती संयंत्रे करायची तो आकडा, आर्थिक वर्षाचा असतो, म्हणून 31 मार्च ही अर्जाची तारीख मानणे महागात पडते. तोवर संयंत्र बांधून, गॅस पेटवून, तपासणी झालेली असावी. बांधकाम, त्याचे पाणी मारणे आणि शेणकाला (शेण-पाण्याचे मिश्रण) भरल्यावर गॅस धरायला लागणारे आठवडे मोजले, तर डिसेंबरचा अर्जही उशिराचा ठरतो. कार्यक्रमाचा हा टप्पा 2025-26 पर्यंतचा होता, त्यामुळे चालू वर्षाचा लक्ष्यांक आला आहे का, हे आधी विचारावे आणि मंजुरीचा कागद हाती येईपर्यंत खड्डा खणू नये.

तपासणीच्या दिवशी ज्योत पेटली नाही तर घाबरू नये. सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो सोडून द्यावा लागतो. पहिली भरणी शेणाचीच करावी आणि ओला कचरा नंतर थोडाथोडा वाढवावा, कारण एकदम टाकलेले उरलेले अन्न आंबून मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात. संत्र्यांच्या हंगामात टोपलीभर साली आत लोटण्याचा मोह आपल्या भागात फार होतो. सालीतील तेल त्या जिवाणूंना मारक असते, आणि नेमकी तपासणी त्याच दिवसांत येते.