ससा, पेशी आणि चिप : औषधशोधात माणसाच्या जागी कोण उभं राहिलं

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. नवं औषध माणसांना देण्याआधी ते प्राण्यांवर तपासलंच पाहिजे, ही १९३८ पासून चालत आलेली सक्ती त्यानं उठवली. मार्च २०२३ मध्ये भारतानंही औषधचाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि मानवी पेशींवरच्या चाचण्या, चिपवर घडवलेले अवयव, संगणकी प्रारूपं यांना अधिकृत जागा दिली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्यानं कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. सुरुवात प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडी) औषधांपासून.

या बातम्यांमागे शंभराहून अधिक वर्षांचा एक प्रश्न आहे. आजारी माणसावर थेट प्रयोग करायचा नाही, मग त्याच्या जागी कोणाला उभं करायचं? ससा, उंदीर, काचेच्या भांड्यातली पेशी की नुसतं एखादं प्रथिन? औषधांचा इतिहास आपण रसायनांच्या नावांनी लक्षात ठेवतो. माझ्या मते तो या बदली रोग्यांच्या नावांनी वाचला, तर जास्त नीट समजतो.

सिफिलिसवरचं साल्वर्सान हे त्याचं पहिलं ठळक उदाहरण. फ्रँकफुर्टमध्ये पॉल एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकची शेकडो संयुगं तयार होत होती. त्यातलं ६०६ क्रमांकाचं संयुग १९०७ मध्येच बनलं होतं. पण एका सहायकाच्या चाचणीत ते निरुपयोगी ठरलं आणि बाजूला पडलं. १९०९ मध्ये जपानहून साहाचिरो हाता तिथं आले. सशांना सिफिलिसची लागण करण्याचं तंत्र ते शिकून आले होते. त्यांनी जुनी संयुगं पुन्हा एकेक करून या सशांवर तपासली आणि ६०६ नं सशांच्या जखमा भरून आल्या. पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. औषध दोन वर्षं फडताळात पडून होतं, कारण त्या रोगानं आजारी असलेला ससा नव्हता.

सल्फा औषधांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९३२ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड डोमाक यांनी स्ट्रेप्टोकोकाय जंतू टोचलेल्या २६ उंदरांवर एका लाल रंगद्रव्याचा प्रयोग केला. बारांना औषध दिलं, चौदांना दिलं नाही. औषध न मिळालेले उंदीर एकापाठोपाठ मेले आणि मिळालेले बाराही जगले. हेच द्रव्य परीक्षानळीत जंतूंवर टाकलं तर मात्र काहीच घडत नव्हतं! नुसत्या परीक्षानळीवर विसंबणाऱ्या कुणीही ते फेकून दिलं असतं. याचं कोडं १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सुटलं. प्राण्याच्या शरीरात त्या रंगद्रव्याचे दोन तुकडे होतात आणि त्यातला बिनरंगाचा तुकडा, सल्फानिलामाइड, जंतूंची वाढ रोखतो. शरीर औषधाला बदलतं, हा धडा तेव्हापासून प्रत्येक औषधशाळेच्या पाठीला चिकटला. आज कुठलंही नवं संयुग आलं की ते यकृतातल्या विकरांसोबत (एन्झाइम) ठेवून त्याचं काय होतं ते आधी पाहतात, त्याचं मूळ इथं आहे.

ही लाट मुंबईतही लवकर पोहोचली. परळच्या हाफकिन संस्थेचा जन्मच प्लेगातला. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. संस्थेचे पुढचे संचालक साहिबसिंग सोखी आणि औषधशास्त्रज्ञ भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी प्लेगची लागण केलेल्या उंदरांवर सल्फा औषधं तपासली आणि १९४० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. हेच दीक्षित नंतर दिल्लीच्या ‘एम्स’चे पहिले संचालक झाले. प्लेगचा उंदीर म्हटलं की आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला घर सोडून रानात टाकलेल्या झोपड्या आठवत. परळला तोच उंदीर पिंजऱ्यात बसून रोगावरचा उतारा सांगत होता.

त्याच वर्षी, २५ मे १९४० ला, ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना जंतू टोचले गेले आणि चौघांना पेनिसिलिन मिळालं. संशोधक नॉर्मन हीटली पहाटे पावणेचारपर्यंत तिथं बसून होते. तोवर औषध न मिळालेले चारही मेले होते. फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनवरचा निबंध १९२९ मध्येच छापला होता, पण संसर्ग झालेल्या उंदराला ते देऊन पाहिलं नव्हतं. मध्ये अकरा वर्षं गेली.

प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती आली ती मात्र एका दुर्घटनेतून. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं गोड पातळ औषध विकायला आलं. ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं होतं, आणि ते मूत्रपिंडं निकामी करतं. विक्रीआधी ते कुठल्याही प्राण्याला देऊन पाहिलं नव्हतं. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं होती. १९३८ चा कायदा त्यातून आला. याच विषानं १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी घेतला. तिथं ते भेसळीच्या ग्लिसरीनमधून पोटात गेलं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी अनेकांना आठवत असेल. चाचणीची पद्धत सापडली तरी प्रत्येक पिंपाची तपासणी कुणीतरी रोज करावी लागते.

आता ज्या सशांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे त्यांच्याकडे येतो. त्यांची वाट आपल्या सर्पगंधेपासून निघते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीचं औषध दिल्याचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचं लक्ष या वनस्पतीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं. रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर ते भराभर वापरात आलं. पण काही रुग्णांचे हातपाय जखडू लागले, हालचाली मंदावू लागल्या. कंपवातासारखंच.

स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिलं. ससे जागच्या जागी बसून राहिले. डोळे अर्धवट मिटलेले, कान पाठीवर लोळलेले, हाताळलं तरी हालचाल नाही. मग त्यांच्या शिरेत डोपा टोचलं. शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते हे द्रव्य. पाव तासात कान ताठ झाले आणि ससे हिंडू लागले. १९५७ च्या या प्रयोगाचं छायाचित्र मेंदूविज्ञानाच्या पुस्तकांत अजून छापतात. वरच्या चौकटीत ढेपाळलेले ससे, खालच्या चौकटीत तेच ससे कान उभारून. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नव्हतं. इतकी मोठी गोष्ट इतक्या साधेपणी दिसते, याचं नवल वाटत राहिलं. रेसरपीन मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप नेणारं रसायन, रिकामं करतं आणि डोपा ते भरून काढतं, हे पुढच्या एक-दोन वर्षांत स्पष्ट झालं. व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकीविझ यांनी कंपवातानं मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तर तिथंही डोपामिन आटलेलं. १९६१ मध्ये रुग्णांना लेव्होडोपा, म्हणजे डोपाचंच औषधी रूप, टोचलं गेलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली. कंपवाताचा आजही तोच मुख्य आधार आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

सर्पगंधेतून निघालेलं औषध आज दवाखान्यात क्वचितच दिसतं, पण निरोगी सशाला तात्पुरता कंपवात देणारं साधन म्हणून त्यानं केलेलं काम मोठं आहे. आणि लेव्होडोपा आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत भरपूर असतं. त्या बियांतून ते १९३७ मध्येच वेगळं काढलेलं होतं.

कर्करोगात मात्र सशा-उंदरांवर फार काळ भागलं नाही. १९५५ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं हजारो द्रव्यं रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांवर तपासली. त्यातून औषधं मिळाली, पण मुख्यतः रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगांवर. फुफ्फुस, आतडं, स्तन इथल्या गाठींसाठी हाती फार थोडं लागलं. चाळणीची भोकं ज्या आकाराची, तेवढंच खाली पडणार. शेवटी १९९० मध्ये संस्थेनं पद्धत उलटी केली आणि वेगवेगळ्या मानवी गाठींपासून वाढवलेल्या ६० सेल लाइन्सवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशींच्या वंशांवर, पहिली तपासणी सुरू केली.

या सेल लाइन्सचं मूळ बाल्टिमोरमध्ये आहे. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि थांबल्याच नाहीत. त्या हेला पेशी. लॅक्स त्याच वर्षी वारल्या. त्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती आणि कुटुंबाला कितीतरी वर्षं काही ठाऊकही नव्हतं. जगभरच्या औषधशोधावर हे ऋण आहे.

याच गाय यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकायला गेल्या होत्या पुण्याच्या कमल रणदिवे. परत आल्यावर त्यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या विशिष्ट वाणांमध्ये स्तनाचा कर्करोग आनुवंशिकता आणि संप्रेरकांमुळे कसा उद्भवतो, यावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. पिंजरा आणि पेशी ही दोन्ही साधनं त्यांनी सोबत चालवली. त्यांचं नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत याहून ठळक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हेला पेशी इतक्या जोमदार की त्या शेजारच्या भांड्यांतही शिरल्या. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं की निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन्स प्रत्यक्षात हेलाच आहेत. लोक यकृताच्या पेशी समजून गर्भाशयमुखाच्या पेशींवर औषधं तपासत होते. म्हणून पेशींची पेढी लागते, ओळख पटवून मगच पेशी देणारी. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था देशभरच्या प्रयोगशाळांसाठी हे काम करते. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या करंगळीएवढ्या कुप्या तिथून कोरड्या बर्फात बसून गावोगाव जातात.

हे काम जवळून कसं दिसतं? हाताच्या तळव्यावर मावेल अशी पारदर्शक प्लॅस्टिकची प्लेट, आठ ओळींत बारा-बारा खळगे, एकूण ९६. या प्लेटची कल्पना हंगेरीच्या ग्युला ताकाची यांची. १९५० च्या सुमारास फ्लूच्या तपासणीसाठी काचेची साधनं मिळत नव्हती, म्हणून त्यांनी ॲक्रिलिकच्या तुकड्यात खळगे कोरून घेतले. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी आणि औषधाची वाढती मात्रा. दोन-तीन दिवसांनी त्यात एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य घालायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, मेलेल्या पेशी करत नाहीत. ओळीच्या एका टोकाला गडद जांभळं, मग फिकं, मग पिवळंच. रंग कुठं तुटतो ते पाहिलं की औषध किती मात्रेत मारतं ते कळतं. यंत्रं आता याच बेतावर १५३६ खळग्यांच्या प्लेटा भरतात.

पण खळग्यातल्या पेशीला यकृत नाही, रक्तप्रवाह नाही, पोटात वाढणारं बाळ नाही. आणि जिथं हे सगळं आहे तो प्राणीही फसवतो. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेलं थॅलिडोमाइड उंदरांना कितीही दिलं तरी ते मरत नव्हते, म्हणून ते अतिशय सुरक्षित मानलं गेलं. गरोदर स्त्रियांनी घेतलं आणि जगभरात हजारो मुलं अपुऱ्या वाढीच्या हातापायांनी जन्मली. गाभण उंदरांवर नंतर तपासलं तेव्हाही तसा परिणाम सहजी दिसेना. तो दिसला विशिष्ट जातीच्या सशांत आणि माकडांत. तेव्हापासून गर्भावरच्या परिणामांच्या चाचणीत कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या जोडीला ससा आला.

२००६ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये माकडंही कमी पडली. टीजीएन १४१२ हे प्रतिपिंड माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकंच सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं, आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात पोहोचले. सगळे वाचले, पण थोडक्यात. हे औषध ज्या रेणूला चिकटतं, तो माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीतल्या काही स्मृतिपेशींवर असतो आणि त्या माकडांच्या तशाच पेशींवर नसतो. प्रतिपिंडांपासून सुरुवात करण्याच्या आजच्या निर्णयामागे हे एक मोठं कारण आहे: ती माणसाच्याच रेणूंसाठी घडवलेली असतात, दुसऱ्या प्राण्यात त्यांची परीक्षा होईलच असं नाही.

नवी साधनं गेल्या पंधरा-सतरा वर्षांतली. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूलपेशीपासून आतड्याची चिमुकली प्रतिकृती वाढवली. तिला ऑर्गनॉइड म्हणतात. आता रुग्णाच्या स्वतःच्या गाठीपासून असे ऑर्गनॉइड वाढवून त्यांवर औषधं तपासली जातात. २०१० मध्ये हार्वर्डच्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटानं पेनड्राइव्हएवढ्या लवचीक चिपवर फुफ्फुस घडवलं. पडद्याच्या एका बाजूला फुफ्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. पडदा श्वासासारखा ताणला जातो. २०२२ मध्ये यकृताच्या अशा ८७० चिपांवर २७ औषधं तपासली गेली. प्राण्यांत न सापडलेली, पण माणसांच्या यकृताला बाधलेली औषधं त्यात होती, आणि बाधणाऱ्यांपैकी ८७ टक्के चिपांनी ओळखली. ज्यांनी बाधा केली नव्हती त्यांच्यावर चिपांनी खोटा आळही घेतला नाही.

यकृताच्या विषबाधेसारख्या प्रश्नांत म्हणूनच प्राण्यांची संख्या आधी कमी होईल, आणि ती व्हायलाच हवी. चालणं, झोप, वेदना, स्मृती यांचे प्रश्न अजून चिपेवर मांडता येत नाहीत. कार्लसन यांच्या सशांनी कान उभारले, ते बघायला आख्खा ससाच लागला होता.