पीएम विश्वकर्मा योजना : अर्ज कोणाच्या नावाने भरायचा, कागद कोणते लागतात

पीएम विश्वकर्मा ही पारंपरिक कारागिरांना प्रशिक्षण, अवजारं आणि कर्ज देणारी योजना. घरात बाप आणि मुलगा दोघंही रंधा मारतात, मग अर्ज कोणाच्या नावाने भरायचा? नोंदणी केंद्रावर जाण्याआधी हे घरात ठरलेलं बरं, कारण एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. लग्न झालेला मुलगा वेगळा धरला जातो, त्यामुळे तो स्वतःचा अर्ज करू शकतो. शिधापत्रिका अजून एकत्र असेल तर ती आधी विभक्त करून घ्या. मुलगा अविवाहित असेल आणि खरोखर काम करत असेल, तर त्याच्याच नावाने भरा असं मी आग्रहाने सांगेन. लाकडाची शीर कुठे उलटते, पटाशीला धार कोणत्या कोनात लावायची, हे त्याला वडीलच शिकवतील. पण नवी अवजारं आणि भांडवल हे काम अजून तीस वर्षं करणाऱ्याच्या हाती पडायला हवं.

ही योजना केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला सुरू केली. २०२७-२८ पर्यंतची तरतूद १३,००० कोटी रुपयांची आहे. यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, मूर्तिकार व पाथरवट, चर्मकार, गवंडी, टोपल्या-चटया-झाडू करणारे, शिंपी, परीट, न्हावी, हार गुंफणारे, कुलूप बनवणारे, होड्या बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे, हातोडे व अवजारं घडवणारे, शस्त्रं घडवणारे आणि बाहुल्या-खेळणी करणारे. म्हणजे सावंतवाडीच्या चितार आळीतला लाकडी खेळण्यांचा कारागीर यात बसतो. नोंदणी एकाच व्यवसायाखाली होते.

वय १८ पूर्ण हवं, आणि काम स्वतःच्या हाताने, स्वयंरोजगार म्हणून चालू हवं. सरकारी नोकरीत असलेली व्यक्ती आणि तिचे कुटुंबीय अपात्र. गेल्या ५ वर्षांत पीएमईजीपी (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम), मुद्रा (छोट्या उद्योगांसाठीचं कर्ज), स्वनिधी (फेरीवाल्यांसाठीचं कर्ज) यांसारख्या योजनेतून कर्ज घेतलेलं नसावं. मुद्रा किंवा स्वनिधीचं कर्ज पूर्ण फेडलं असेल तर अडचण नाही.

कागद थोडेच लागतात. आधार, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि शिधापत्रिका. ती नसेल तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं. नोंदणी जनसेवा केंद्रावर (सीएससी) होते आणि ती मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

खरा खोळंबा बोटांच्या ठशांचा होतो. आमच्या गल्लीतल्या एका गवंडीकाकांचा अंगठा यंत्र घेतच नव्हतं. सिमेंट कालवून कालवून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. त्या दिवशीचा रोज बुडवून ते हात हलवत परत आले. ज्याच्या बोटांवर कामाची सगळ्यात जास्त खूण, त्याचीच बोटं ओळखली जाऊ नयेत, याचं फार वाईट वाटलं. कुंभार, गवंडी, परीट यांनी आधी आधार केंद्रावर जाऊन ठसे अद्ययावत करून घ्यावेत.

अर्ज भरल्यावर पडताळणी तीन टप्प्यांत होते : ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मग जिल्हा समिती, मग छाननी समिती. पहिल्या टप्प्यावर अर्ज नुसता पडून राहू शकतो. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा आणि आठवड्याभराने ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन विचारा.

मंजुरीनंतर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. मग ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतनासह. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. हवं असेल तर विनातारण कर्ज : आधी १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचं, नंतर २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांत. व्याज ५ टक्के. कर्ज घेणं सक्तीचं नाही. दुसऱ्या कर्जासाठी पहिल्याची परतफेड सुरळीत हवी, शिवाय डिजिटल व्यवहार सुरू केलेले असावेत किंवा प्रगत प्रशिक्षण झालेलं असावं.

पैठणीचे विणकर आणि वारली चित्रकार या १८ व्यवसायांच्या यादीत नाहीत. वारलीसारख्या हस्तकलांच्या कारागिरांनी विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाच्या ‘पहचान’ ओळखपत्रासाठी अर्ज करावा, विणकरांनी हातमाग विभागाकडे जावं.