नव्या नोंदीचा क्रमांक मिळवणे (जुन्या डेटाबेस प्रणाली)

डेटाबेसमध्ये नोंद घातल्यावर तिला आपोआप पडलेला क्रमांक प्रोग्रामने लगेच वाचून घेण्याची पद्धत. बिलाचा मथळा एका टेबलात आणि मालाच्या ओळी दुसऱ्यात असल्या, की मथळ्याचा क्रमांक हाती आल्याशिवाय ओळी लिहिता येत नाहीत. व्हिज्युअल बेसिक ६ आणि क्लासिक एएसपी या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साधनांत लिहिलेल्या प्रोग्रामांत हा प्रश्न हमखास भेटतो.

नोंद घालून 'सिलेक्ट मॅक्स'ने सर्वांत मोठा क्रमांक वाचणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत वाईट उपाय. एकाच मशीनवर तो वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. पण समजा, इंदूरच्या कापड मार्केटातल्या एखाद्या पेढीने दुसरा काउंटर उघडला. पहिल्यावर ४५१२ पडला, तो वाचायच्या आत दुसऱ्यावर ४५१३. मग माहेश्वरी साड्यांच्या ओळी भलत्याच गिऱ्हाइकाच्या बिलाला चिकटतात. एरर काहीच येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधील '@@आयडेंटिटी' फक्त आपल्याच कनेक्शनचा (डेटाबेसशी असलेल्या जोडणीचा) शेवटचा क्रमांक देते, म्हणून दुसऱ्या काउंटरचा धोका टळतो. मात्र बिलाच्या टेबलावरचा ट्रिगर (नोंद पडताच आपोआप चालणारा कोड) ऑडिट टेबलात, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, नोंद घालत असेल आणि त्यालाही आयडेंटिटी (आपोआप वाढणारा क्रमांक) असेल, तर हाती ऑडिटचा क्रमांक येतो. चाचणीत दोन्ही टेबले रिकामी असल्याने आकडे जुळतात. खरी गंमत नंतर कळते. २००० च्या आवृत्तीत आलेले 'स्कोप_आयडेंटिटी' हे टाळते. एकदम अनेक नोंदी घालायच्या असतील, तर २००५ पासूनचे 'आउटपुट' वापरावे. 'आयडेंट_करंट' कोणत्याही कनेक्शनचा क्रमांक देते. या कामासाठी ते निरुपयोगी.

एडीओमधून (प्रोग्राम आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) इन्सर्ट (नोंद घालणे) आणि सिलेक्ट (वाचणे) या आज्ञा एकत्र पाठवताना आधी 'सेट नोकाउंट ऑन' लिहावे, म्हणजे किती ओळी बदलल्या हा निरोप येत नाही. नाहीतर पहिला रेकॉर्डसेट (आलेल्या ओळींचा संच) बंद अवस्थेत येतो आणि ३७०४ ही एरर मिळते. अ‍ॅक्सेसच्या जेट ४.० या डेटाबेस इंजिनाला '@@आयडेंटिटी' कळते, पण एका वेळी दोन आज्ञा चालत नाहीत. त्याच कनेक्शनवर वेगळी सिलेक्ट द्यावी. मायएसक्यूएलचे 'लास्ट_इन्सर्ट_आयडी' अनेक ओळींच्या इन्सर्टनंतर पहिल्या ओळीचा क्रमांक देते. ओरॅकलमध्ये सीक्वेन्स (क्रमांक पुरवणारा वेगळा गणक) आणि 'रिटर्निंग इन्टू' ही जोडी पुरते.

हा क्रमांक बिल नंबर म्हणून छापू नये. व्यवहार (ट्रान्झॅक्शन) रोलबॅक झाला, म्हणजे रद्द होऊन मागे फिरला, तरी खर्ची पडलेला आकडा परत येत नाही, आणि जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांचे क्रमांक सलग लागतात. त्यासाठी वेगळे काउंटर टेबल ठेवून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आकडा वाढवावा. कमिट होईपर्यंत (व्यवहार पक्का होईपर्यंत) ती ओळ लॉक राहते, म्हणून प्रिंटिंग कमिटनंतरच करावे. नाहीतर प्रिंटरमधला कागद संपला तर दुसरा काउंटरही अडकून पडतो.