पागात वाचलं, लितेक्यान अडकलं: ग्वाममधल्या लष्करी बांधकामाची पार्श्वभूमी

पश्चिम पॅसिफिकमधलं ग्वाम बेट जेमतेम ५४९ चौरस किलोमीटरचं. त्यातली चौथ्या हिश्शाहून अधिक जमीन अमेरिकी लष्कराकडे आहे. १८९८ साली स्पेनकडून हे बेट अमेरिकेकडे आलं. १९४१ ते १९४४ ते जपानच्या ताब्यात होतं. युद्धानंतर तळ आणि धावपट्ट्यांसाठी मूळच्या चामोरू कुटुंबांच्या जमिनी घेतल्या गेल्या. उत्तर टोकाचं लितेक्यान, म्हणजे नकाशावरचं रिटिडियन, पुढे असंच लष्कराकडे गेलं. लष्कराला त्याची गरज उरली नाही, तेव्हा १९९३ मध्ये तिथे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य झालं. जमीन मूळ मालकांकडे परतली नाही. त्यामुळे इथे निसर्गरक्षणाचं नाव घेतलं तरी जुनी जखम उघडी पडते, आणि ते रास्तच आहे.

लष्कराच्या गोळीबार मैदानावरून चाललेल्या आजच्या वादाचं मूळ २००६ च्या अमेरिका-जपान करारात आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरचे सुमारे ८,००० अमेरिकी मरीन सैनिक ग्वामला हलवायचं ठरलं. २०१२ मध्ये हा आकडा सुमारे ५,००० वर आला. सैनिक आले की गोळीबाराच्या सरावाचं मैदान लागतं. त्यासाठी पूर्व किनाऱ्यावरच्या पागातजवळची जागा निवडली गेली. पागात हे प्राचीन चामोरू गाव. घरांचा भार पेलणारे लाते स्तंभ, म्हणजे खालचा हालिगी आणि त्यावरचा वाटीसारखा तासा, तिथे आजही दिसतात. २०१० मध्ये स्थानिक संघटना न्यायालयात गेल्या. इतर जागांचा पुरेसा विचारच झाला नाही, हा त्यांचा मुद्दा होता. नौदलाला पूरक अभ्यास करावा लागला, त्यात पाच पर्याय तपासले गेले आणि २०१५ मध्ये मैदान अँडरसन हवाई तळाच्या नॉर्थवेस्ट फील्डवर नेण्याचा निर्णय झाला.

पागात वाचलं, पण नवी जागा लितेक्यानच्या अगदी माथ्यावर आली. गोळी चुकून जिथवर जाऊ शकते तो सगळा धोक्याचा पट्टा सरावाच्या वेळी रिकामा ठेवावा लागतो, आणि तो खालच्या अभयारण्याच्या काही भागावर आणि समुद्रावर पसरतो. मासेमारी करणारे, औषधी वनस्पती गोळा करणारे पारंपरिक वैद्य, पूर्वजांच्या जागी जाणारी कुटुंबं, सगळ्यांची वाट त्या वेळी बंद होते. शिवाय बेटाचं सुमारे ८० टक्के पिण्याचं पाणी उत्तरेकडच्या चुनखडीतल्या भूजलातून येतं. चुनखडी सच्छिद्र असल्याने गोळ्यांमधल्या शिशाची चिंता अवाजवी नाही.

वारशासाठी अमेरिकेच्या ऐतिहासिक वारसा कायद्याचं कलम १०६ लागू होतं: परिणामक्षेत्र आखायचं, पाहणी करायची, सापडलेल्याचं महत्त्व ठरवायचं, मग हानी टाळण्याचा किंवा कमी करण्याचा करार करायचा. अडचण जमिनीतच आहे. चुनखडीवर मातीचा थर पातळ, त्यामुळे खापरं, चुली, दफनं अगदी वरच्या वर असतात. दाट जंगलात ठरावीक अंतरावर चाचणीखड्डे घेतले, तरी दोन खड्ड्यांमधलं दफन निसटतं आणि ते झाडं काढताना उघडं पडतं. तोवर आराखडा ठरलेला असतो. मग काम थांबवून नोंद घेणं, अवशेष हलवणं, एवढंच हाती उरतं.

प्रजातींसाठी अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या कलम ७ खाली वन्यजीव सेवेशी सल्लामसलत बंधनकारक आहे. २०१५ मध्ये ग्वाम आणि उत्तर मारियानातल्या २३ प्रजाती या कायद्याखाली आल्या. हायुन लागू हे झाड त्याआधी, १९८७ पासूनच संकटग्रस्त यादीत होतं. त्याचं ग्वामवरचं एकमेव प्रौढ झाड याच परिसरात होतं. भोवती जंगलाचा पट्टा राखायचं ठरलं, पण पलीकडचं जंगल तुटलं की वादळी वारा थेट आत घुसतो. रोपं लावून भरपाई करायची, तर हरणं आणि रानडुकरं ती खातात. म्हणून आधी कुंपण घालायचं, डुकरं खालून उकरतात हे धरून त्याचा तळ पक्का करायचा, मग आतली जनावरं काढायची आणि त्यानंतरच लागवड.

पक्ष्यांची कथा लष्करी मालवाहतुकीशीच जोडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, बहुधा जहाजांवरच्या मालातून, तपकिरी वृक्षसर्प आला आणि त्याने बेटावरचे बहुतेक मूळ वनपक्षी संपवले. त्याला मारण्यासाठी ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल भरलेले मेलेले उंदीर हेलिकॉप्टरमधून टाकले जातात, शिवाय बाहेर जाणारा माल कुत्र्यांकडून तपासला जातो. पक्षी नाहीत म्हणून बिया पसरत नाहीत, आणि तोडलेलं जंगल आपोआप परत येत नाही.

कॅम्प ब्लाझ हा मरीन तळ २०२० मध्ये अधिकृतपणे कार्यान्वित झाला. गोळीबार मैदानाची जागा आता बदलणार नाही. सरावाचं वेळापत्रक किती आधी जाहीर होतं, लितेक्यान किती दिवस खुलं राहतं आणि भूजलातल्या शिशाचं मोजमाप लोकांसमोर येतं का, यावर मात्र अजूनही वाटाघाटी शक्य आहेत.