डब्लिनचा नियम: ठसे आणि दिनदर्शिका

समजा, एक सुदानी तरुण लिबियातून होडीने इटलीच्या लॅम्पेदुसा बेटावर उतरला, तेथे त्याच्या दहाही बोटांचे ठसे घेतले गेले आणि पाच महिन्यांनी त्याने आश्रयासाठीचा अर्ज जर्मनीत केला. निकाल कोणी द्यायचा? ‘ज्या देशात आधी पाऊल टाकले त्याने’ असे उत्तर सर्रास दिले जाते. पण ते अर्धवट आहे.

१९९० मध्ये डब्लिन येथे झालेल्या करारातून आलेला आणि २०१३ च्या नियमावलीत तपशिलाने मांडलेला नियम असा की, एका अर्जाची तपासणी एकाच देशाने करावी. युरोपीय संघाबाहेरील नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिख्टेनश्टाइन हे देशही या व्यवस्थेत आहेत. निकष क्रमाने लावायचे असतात: अर्जदार एकटे मूल असल्यास त्याचे हित, मग जवळचे कुटुंब, मग व्हिसा किंवा निवास परवाना, आणि त्यानंतर बेकायदा ओलांडलेली सीमा. ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ येथे फार आखूड आहे; या सज्ञान तरुणाचा सख्खा भाऊ बर्लिनमध्ये राहत असला, तरी केवळ तेवढ्यावर अर्ज जर्मनीकडे येत नाही.

पुरावा मात्र बहुधा बोटांतूनच मिळतो. जानेवारी २००३ पासून चालू असलेल्या ‘युरोडॅक’ या सामाईक नोंदसंग्रहात जर्मनीने ठसे पाठवले की, ते पूर्वी कोठे घेतले गेले होते हे कळते. नोंदीच्या क्रमांकात आधी देशाची अक्षरे व नंतर एक आकडा असतो: १ म्हणजे आश्रयाचा अर्ज, २ म्हणजे सीमेवर पकडलेली व्यक्ती. ‘आयटी २’ एवढ्या नोंदीवरून रोख इटलीकडे वळतो. हे टाळण्यासाठी काहींनी बोटांची टोके जाळून घेतली आहेत. पण ठशांच्या रेषांची घडण त्वचेच्या खोल थरात असल्यामुळे वरवरची जखम भरली की तीच नक्षी पुन्हा उमटते.

येथून पुढे खरे राज्य दिनदर्शिकेचे. ठसे जुळल्यावर जर्मनीने दोन महिन्यांत इटलीकडे मागणी करायची, इटलीने दोन महिन्यांत उत्तर द्यायचे, आणि उत्तर आलेच नाही तर तो होकार समजायचा. त्यानंतर सहा महिन्यांत तरुणाला इटलीत पोचवता आले नाही, तर जबाबदारी जर्मनीवरच येते. तो फरार झाल्यास ही मुदत अठरा महिन्यांपर्यंत वाढते. जर्मनीत काही चर्च अशा लोकांना आसरा देतात. पत्ता सरकारला कळवलेला असल्यामुळे तेथे राहणारा फरार ठरत नाही, असे जर्मन न्यायालयांनी मानले आहे, आणि सहा महिने तसेच सरतात. सीमा ओलांडून बारा महिने उलटल्यावर पहिला अर्ज झाला असता, तर हा निकष लागूच झाला नसता.

क्रम पाळला म्हणजे देश सुटला, असेही नाही. एका अफगाण अर्जदाराला ग्रीसला परत धाडल्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २१ जानेवारी २०११ रोजी ग्रीसबरोबर बेल्जियमलाही दोषी धरले, कारण तेथील हालअपेष्टा बेल्जियमला ठाऊक असायला हव्या होत्या.

२०२४ मध्ये संमत झालेल्या आणि २०२६ च्या मध्यापासून लागू करायच्या ठरलेल्या नव्या कायद्यांत सीमेच्या निकषाची बारा महिन्यांची मुदत सर्वसाधारणपणे वीस महिन्यांवर नेली आहे. समुद्रातून वाचवून किनाऱ्यावर उतरवलेल्यांसाठी मात्र ती बाराच ठेवली आहे. म्हणजे आपला तरुण स्वतःच्या होडीने बेटाला लागला की बचावनौकेने त्याला तेथे उतरवले, यावरही आता हिशेब बदलेल. ठसे देण्याचे किमान वय चौदावरून सहावर आले आहे.